बाजेचा साचा : गोधडी जमिनीवरून उचलताना

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. मापं मात्र पुन्हा टेप लावून तपासली आहेत.)



आजचा भाग गोधडीवर आहे. पण आजीच्या गोधडीची ऊब, तिचा वास, त्या आठवणी, यावर मी बोलणार नाही. त्यावर खूप जणांनी खूप छान बोललंय. आज मी एका लाकडी वस्तूबद्दल बोलणार आहे. गोधडी शिवताना ती ताणून धरायचा साचा. आमच्या घरातली एक जुनी बाज आणि पाणी लागून फुगलेलं एक टेबल, या दोन्हींतून तो केला. मापं किती, खर्च किती, अडचणी काय, सगळं सांगते. ज्यांच्या घरी कुणाचे तरी गुडघे गेलेत आणि ट्रंकेत अर्धवट गोधडी पडून आहे, त्यांनी हा भाग कागद-पेन घेऊन ऐकला तरी चालेल.

सुरुवातीला एक गंमत. गोधडीला आपल्याकडे किती नावं आहेत बघा. आमच्याकडे आंबेगाव-जुन्नरला गोधडी, कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ, तान्ह्या बाळाचं असेल तर दुपटं. पण गोधडी ज्यावर ताणून शिवायची त्या चौकटीला आमच्या भागात शब्दच नाही. कारण ती चौकट कुणाच्या घरात नव्हतीच. मी ‘साचा’ म्हणते, सुतारमामा ‘घोडा’ म्हणतात, आणि आजी सरळ ‘बाज’ म्हणते. म्हणजे ती शेजारणीला सांगते, “आता म्या बाजंवर शिवती.”

आता चौकट का नव्हती, ते बघू. साच्याचं सगळं गणित तिथेच आहे.

गोधडी जमिनीवर शिवतात. जमीन सारवलेली. त्यावर अस्तराचं लुगडं पसरायचं, वर जुन्या कपड्यांचे थर, वर पुन्हा लुगडं. चार कोपऱ्यांना काहीतरी जड ठेवायचं. लांब लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे. मग बाई काठाशी बसते, एक पाय दुमडून, एक पसरून. थोडी स्वतः गोधडीवरच बसते. तिच्या वजनानं कापड जागेवर राहतं. सारवलेल्या जमिनीला थोडा खरखरीतपणा असतो, त्यानं खालचं अस्तर सरकत नाही. म्हणजे जमीन, सारवण आणि बाईचं स्वतःचं वजन, हे तिन्ही मिळून आपला साचा होता. वेगळा कशाला लागेल?

बंगालचा कांथा बघा, किंवा कर्नाटकात उत्तर कन्नडमध्ये सिद्दी समाजाच्या बायका करतात ती कवंदी बघा. तिथेही हेच. मांडीवर नाहीतर जमिनीवर, चौकटीशिवाय. उलट अमेरिकेत लाकडी चौकट घरोघरी असायची. चार पट्ट्या, भोवती खुर्च्या, आणि बायका गोल बसून शिवायच्या. काही घरांत तर ती चौकट दोऱ्यांनी छताला टांगलेली असायची. रात्री वर ओढून घेतली की खोली मोकळी. अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, आणि २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. कपडा जुनाच, गरज थंडीचीच, आणि हातही कष्टाचेच. पण त्यांच्याकडे बसणं खुर्चीवरचं होतं म्हणून चौकट लागली. आपलं बसणं जमिनीवरचं, म्हणून लागली नाही.

आणि आता आपण जमिनीवरून उठतोय. हा माझा मुख्य मुद्दा आहे. घरात फरशी आली. फरशीवर कापड सरकतं, आणि थंडीत बसवत नाही. त्यात डॉक्टर सांगतात, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. डॉक्टरांचं बरोबरच आहे. पण जमीन गेली की साचा गेला. हात शाबूत असतात, डोळे चष्मा लावून बरे असतात, बोटांना सगळं येत असतं, तरी गोधडी बंद पडते.

आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं. आमचं घर घोडेगावच्या अलीकडे, आजीचं माहेर जुन्नर तालुक्यात ओतूरच्या बाजूला. आजोबा गेल्यावर आजीनं त्यांची धोतरं आणि स्वतःची दोन लुगडी घेऊन एक गोधडी घातली. आमच्याकडे गोधडी ‘घालतात’, आणि मग शिवतात. आजीची पद्धत फेऱ्यांची. म्हणजे काठापासून सुरुवात करायची, चारही बाजूंनी एक फेरा पूर्ण करायचा, मग त्याच्या आत दोन सेंटीमीटरवर दुसरा, मग तिसरा. चौकोनात चौकोन, शेवट मधोमध. असे सतरा फेरे झाले आणि गुडघ्यांनी जवाब दिला. दोन वर्षं ती गोधडी पेटीत होती. चारही बाजूंनी शिवलेली आणि मध्ये मोकळी. मोकळा भाग साधारण ५० सेंटीमीटर रुंद आणि १३० सेंटीमीटर लांब. आतली धोतरं त्या जागेत गोळा व्हायला लागली होती.

कुणी म्हणेल, चुलती आहे, आई आहे, त्यांनी मधला भाग शिवायचा. त्यांनी विचारलंही. आजी नाही म्हणाली. “दुसऱ्याचा टाका दिसतो,” एवढंच. त्यावर कुणी पुढे बोललं नाही.

मग मी मोजायला बसले. इंजिनिअर माणूस दुसरं काय करणार. गोधडी २०० बाय १२० सेंटीमीटर. हे माप कुठून येतं माहितीये? नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर. त्याची चौघडी घातली की दोन मीटर आणि थोडं वर. माणसाच्या उंचीला बरोबर. रुंदी म्हणजे लुगड्याचा पन्हा. कापायचं काही नाही, वाया काही नाही. एका नऊवारीचे चार थर आपोआप होतात.

आता टाके किती? दोन ओळींत दोन सेंटीमीटर अंतर धरलं तर क्षेत्रफळाला दोननं भागायचं. २४,००० चौरस सेंटीमीटर भागिले २, म्हणजे १२,००० सेंटीमीटर, म्हणजे १२० मीटर लांबीचा धावदोरा. एक टाका आणि पुढची मोकळी जागा मिळून आठ मिलिमीटर धरले तर पंधरा हजार टाके. एका गोधडीत! आणि मधल्या मोकळ्या भागाचे राहिले होते साधारण ३२ मीटर. म्हणजे चौथा हिस्सा काम बाकी, चार हजार टाके. गुडघे सोडून बाकी सगळं तयार.

भरतकामाची गोल रिंग चालली नसती. आठ थर त्या रिंगेत बसत नाहीत. मशीनवर घालायचा प्रश्नच नव्हता, कारण आजीला हाताचाच टाका हवा होता. तेव्हा ठरलं, चौकट करायची आणि ती खुर्चीच्या उंचीवर आणायची.

लाकूड कुठलं? इथे बाजेची गोष्ट येते. आमच्याकडे प्रत्येक घरात एक-दोन बाजा होत्या. बाळंतीण बाजेवर, खाली शेगडीचा शेक. म्हातारी माणसं बाजेवर. आणि उन्हाळ्यात सगळी बाप्ये मंडळी अंगणात बाज टाकून झोपायची. आता जुन्नर, आंबेगाव, सगळीकडे ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला लागला. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, त्यावरून कल्पना करा. अंधार पडल्यावर अंगणात कोण झोपणार? बाजा आधी पडवीत गेल्या, मग कांदाचाळीत. आमची बाज कांद्याच्या गोण्यांखाली होती. पाय बाभळीचे, दांडे सागाचे, नवार सुती, अजून चांगली.

दुसरी वस्तू टेबल. माझ्या चुलत भावाचं अभ्यासाचं. पाच फूट बाय अडीच फूट. पावसात पत्र्यातून पाणी गळून वरचा प्लायवूड फुगला होता. सांगाडा मात्र शाबूत.

आता माप कुणाचं घ्यायचं? वस्तूचं नंतर, आधी माणसाचं. आजीला रोजच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, हात सैल सोडून कोपरात वाकवायला सांगितला. जमिनीपासून कोपर ६४ सेंटीमीटर. कापड त्याच्या जरासं वर हवं, कारण उजवा हात वरून सुई घालतो आणि डावा हात खालून सुईचं टोक शोधतो. खालच्या हाताला जागा पाहिजे. गुडघ्यांनाही जागा पाहिजे. तेव्हा कापडाची उंची ६६ ते ६८ ठरवली.

टेबल होतं ७५ चं. फुगलेला प्लायवूड काढला, पाय खालून कापले. पुढचं काम सुतारमामांच्या डोक्यातून आलं. टेबलाच्या लांब बाजूंना, वर, पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात. त्या तशाच ठेवल्या असत्या तर हात खाली घालताना आड आल्या असत्या. मामांनी त्या दोन्ही पट्ट्या काढून खाली, जमिनीपासून पंधरा सेंटीमीटरवर लावल्या. टेबल तेवढंच मजबूत राहिलं, गुडघ्यांना जागा मिळाली, आणि आजीला पाय ठेवायला पायरी मिळाली.

आता दांडे. बाजेचे लांब दांडे सहा फुटी, म्हणजे १८३ सेंटीमीटर. टेबल १५२. दोन्ही दांडे टेबलावर लांबीत ठेवले, एक या काठाला, एक त्या काठाला. दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा सेंटीमीटर बाहेर. टेबलाच्या आखूड बाजूच्या पट्ट्यांत पटाशीनं अर्धगोल खाचा केल्या आणि दांडे त्यांत बसवले. खाचेत येतो तेवढाच दांड्याचा भाग रंध्यानं आणि पॉलिश पेपरनं गोल केला, म्हणजे दांडा फिरतो. बाकी सगळ्या दांड्यावरही पॉलिश पेपर फिरवलाच. हे काम सोडू नका. जुन्या लाकडाची एक कूस जुन्या लुगड्याला लागली तर टरकन फाटतं. आणि आधी वाळवी, भुंगा बघा. दांड्यावर बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर तो दांडा घरात आणू नका.

गोधडीची १२० सेंटीमीटरची बाजू दांड्याला लावायची आणि लांबी दोन्हीकडे गुंडाळायची. जुन्या सिनेमाच्या रिळासारखं. एका दांड्यावरून सुटतं, दुसऱ्यावर गुंडाळतं, आणि मधे काम करायला मोकळी जागा उरते, साधारण ६५ सेंटीमीटर.

गोधडी दांड्याला थेट खिळ्यांनी ठोकायची नाही. बाजेची नवार कापून दोन्ही दांड्यांवर लांबीनं पट्टी मारली, बारीक खिळ्यांनी. पट्टीचा एक काठ सुटा ठेवला. गोधडीचा काठ त्या नवारीला कच्च्या टाक्यांनी जोडायचा. काम झालं की टाके उसवले, गोधडी मोकळी. नवार तशीच राहते, पुढच्या गोधडीला तयार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ताण. दांडा फिरवला, कापड ताणलं, पण सोडलं की पुन्हा सैल. त्याला अडवायचं कसं? बाजारात दातेरी चाकं मिळतात, पण आमच्याकडे स्लॅबच्या कामातून उरलेल्या आठ मिलिमीटरच्या सळईचे तुकडे होते. दांड्याच्या बाहेर आलेल्या टोकाला आरपार चार भोकं पाडली, एकाच जागी नाही, दोन-दोन सेंटीमीटर सोडून, आणि प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा थोडं फिरवून. चार आरपार भोकं म्हणजे आठ दिशा. टेबलाच्या पट्टीतून एक लांब बोल्ट बाहेर काढला. दांडा हवा तेवढा फिरवायचा, भोकात सळई घालायची, सळई बोल्टला अडते. झालं.

पाच सेंटीमीटर जाडीच्या दांड्याचा घेर साधारण १५.७ सेंटीमीटर. त्याचा आठवा भाग म्हणजे जवळपास दोन सेंटीमीटर. म्हणजे एकेका भोकाला दोन सेंटीमीटर कापड ओढता येतं. पण गोधडी जाड. मीटरभर गुंडाळली की तोच दांडा आठ सेंटीमीटर जाडीचा होतो आणि प्रत्येक भोकाला तीन सेंटीमीटर ओढलं जातं. मग ‘या भोकात सैल, पुढच्या भोकात फार ताठ’ असं होतं. त्यावर उपाय पाचर. सळई आणि बोल्ट यांच्यामध्ये लाकडाची पाचर सरकवायची, जेवढी आत तेवढा ताण. बाजेच्या एका आखूड दांड्याच्या आम्ही पाचरीच केल्या. दुसरा दांडा टेबलाच्या पायांना तिरका ठोकला, कारण ताण दिल्यावर टेबल हलायला लागतं.

बाजूच्या दोन काठांनाही ताण लागतो. तिथे नवारीच्याच लहान पट्ट्या, एका टोकाला सेफ्टी पिन, दुसरं टोक टेबलाच्या आखूड पट्टीला बांधलेलं. गोधडी पुढे सरकवली की पिना काढून पुढे लावायच्या.

आणि ताण किती? आमच्याकडे नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, त्यामुळे उदाहरण ढोलकीचंच सुचतं. पण ढोलकीसारखं ताणायचं नाही! फार ताठ झालं की सुईवर एका वेळी चार-पाच टाके घेता येत नाहीत, प्रत्येक टाका वेगळा ओढावा लागतो. आजीची परीक्षा सोपी आहे. मधोमध तळहात ठेवायचा, दाबायचं, दोन बोटं खाली गेलं पाहिजे.

खर्च सांगते. नटबोल्ट, खिळे, पॉलिश पेपर, सेफ्टी पिना मिळून २८० रुपये. सुतारमामांची अर्ध्या दिवसाची मजुरी ५०० रुपये. एकूण ७८०. आमचा एक शनिवार-रविवार.

आता भांडण. हे सांगितल्याशिवाय भाग पूर्ण होणार नाही.

असल्या गुंडाळायच्या साच्यावर सगळ्यात सोयीचं काय? सरळ ओळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओळ, मग तिच्याशेजारी दुसरी. ६५ सेंटीमीटर भरलं की गुंडाळायचं, पुढे जायचं. जगभर हेच करतात. मी आजीला तसं दाखवलं. आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आगं, भाइर सतरा फेरं हायेत. आत वळी कशा घालू? घराला भिताडं गोल अन् आत आडवंच शेत?”

बरोबर होतं तिचं. बाहेर चौकोनात चौकोन आणि आत आडव्या रेघा. कुणी बघितलं की लगेच कळलं असतं, हिचे गुडघे इथे गेले.

पण फेरा साच्यावर पूर्ण होत नाही. फेऱ्याचा वरचा अर्धा भाग समोर असतो तेव्हा खालचा अर्धा दांड्यावर गुंडाळलेला असतो. तोडगा आजीनंच काढला. “दोरा तोडायचाच न्हाय. सुई तशीच टोचून ठिवायची.” मोकळा भाग १३० सेंटीमीटर लांब, आमची खिडकी ६५ ची. बरोबर निम्मी. म्हणजे पहिल्या वेळेस प्रत्येक फेऱ्याचा वरचा अर्धा शिवायचा. डावीकडून वर जायचं, आडवं जायचं, उजवीकडे खाली यायचं, आणि सुई दोऱ्यासकट तिथेच टोचून ठेवायची. मग दुसरी सुई, आतला फेरा. बारा फेरे, बारा सुया. मग गुंडाळायचं, खालचा अर्धा समोर येतो, आणि प्रत्येक सुई जिथे थांबली तिथून पुढे चालू. आम्ही कॉम्प्युटरवर काम अर्धवट ठेवताना सगळी स्थिती साठवून ठेवतो, पुन्हा उघडलं की तिथूनच सुरू. ते शिकायला मला चार वर्षांचं बीटेक लागलं. जाऊ दे.

फक्त एक काळजी. सुया टोचलेल्या असताना गुंडाळायचं नाही. आधी सगळ्या सुया मोकळ्या भागात ओढून घ्यायच्या, मोजायच्या, बारा भरल्या की मगच दांडा फिरवायचा. घरात लहान मूल असेल तर हे पाळाच. आठ थरांत एखादी सुई हरवली तर ती पाठीलाच सापडते.

शिवायला तीन आठवडे लागले. रोज दोनदा, अर्धा-पाऊण तास. जास्त बसायचं नाही असं ठरवून घेतलं होतं, कारण खुर्चीवर का असेना, एकाच जागी बसलं की गुडघा धरतो. साच्यानं गुडघा बरा होत नाही. तो आजही दुखतोच. फक्त त्याच्यामुळे हाताचं काम अडत नाही, एवढंच.

मला अपेक्षित नव्हतं असंही एक झालं. साच्याला दोन बाजू आहेत. आजी एका बाजूला बसली की दुसरी बाजू मोकळी. पहिल्या आठवड्यात शेजारच्या एक आजी येऊन नुसत्या बसायच्या. जमिनीवर शिवताना प्रत्येकीचं डोकं खाली, आपापल्या काठाला. इथे समोरासमोर तोंड. गुडघे त्यांचेही गेलेले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सुयांमध्ये दोरे ओवून द्यायला सुरुवात केली, कारण त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि आजीचं व्हायचंय. टाका मात्र त्यांनी घातला नाही, आणि आजीनं घालू दिला नसता. पण ही गोधडी काढली त्याच दिवशी त्यांची स्वतःची, चार वर्षं पडून असलेली, साच्यावर चढली. आता आमच्या पडवीत नंबर लागतात.

मधल्या बारा फेऱ्यांचे टाके बाहेरच्या सतरांपेक्षा किंचित लहान आणि जास्त सरळ आलेत. ताण जास्त असला की टाका लहान येतो. लांबून कळत नाही, हात फिरवला की कळतं. आजीला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिनं विचारलं, “ह्ये धुतल्याव येकसारखं व्हईल का?” थोडंफार होईल, म्हटलं. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे सगळ्या गोधड्या घोड नदीला धुवायला निघतात. यंदा हीपण गेली. सुती कापड आटतं, टाके बसतात. फरक कमी झाला, गेला नाही. आजी तो फरक आता स्वतःहून दाखवते. इथपर्यंत जमिनीवरचं, इथून पुढं बाजेवरचं.

आणि चुलतीनं मागाहून सरळ ओळींची एक गोधडी शिवली. पटकन झाली, दिसते छान. आजी तिला अजून गोधडी म्हणायला तयार नाही, ‘गादीची खोळ’ म्हणते. हा वाद मिटलेला नाही, आणि मी त्यात पडत नाही.

आता शहरातल्या ऐकणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे बाज नसेल, अंगण नसेल, टू-बीएचके असेल. तुम्हाला गुंडाळायचा साचा करायची गरज नाही. मोडक्या लाकडी पलंगाच्या किंवा जुन्या दाराच्या चौकटीच्या चार सरळ पट्ट्या घ्या, गोधडीपेक्षा वीतभर लांब. प्रत्येकीवर जाड कापडाची पट्टी मारा. दोन आडव्या, दोन उभ्या, कोपऱ्यात एकावर एक ठेवून हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे सी-क्लॅम्प लावा. चार कोपरे, चार क्लॅम्प. ही चौकट चार खुर्च्यांच्या पाठींवर ठेवली की झालं. खुर्च्यांची पाठ उंच असेल तर चार सारखी स्टुलं घ्या. कोपराची उंची आधी मोजा, मग काय वापरायचं ते ठरवा. शिवत शिवत आत आलात आणि हात पोचेना की क्लॅम्प सैल करा, पट्टीवर कापड गुंडाळा, पुन्हा घट्ट करा. रात्री क्लॅम्प काढून सगळं पलंगाखाली. एक लक्षात ठेवा, हाताचा आवाका फार नसतो. एका बाजूनं आरामात पन्नास-साठ सेंटीमीटर. म्हणून भिंतीला टेकवू नका, दोन्ही बाजूंनी बसता आलं पाहिजे.

आणि साचा करायला घ्याल तेव्हा ज्यांच्यासाठी करताय त्यांना आधी जमिनीवर कसं शिवायच्या ते विचारा. फेरे की ओळी, काठापासून की मधून, डावा हात कुठे असतो. दाखवता येत असेल तर पाच मिनिटं पलंगावर कापड पसरून दाखवायला सांगा, आणि व्हिडिओ करून ठेवा. आमचा साचा चालला याचं कारण सळई-बोल्ट नाही. बारा सुयांची युक्ती नसती तर ती गोधडी आजीनं पुन्हा पेटीत ठेवली असती, आणि माझं टेबल पुन्हा कांदाचाळीत गेलं असतं.

मापांचा एक हाताने काढलेला कच्चा नकाशा मी करून ठेवलाय. ज्यांना करायचंय त्यांनी निरोप पाठवा, पाठवते. आणि तुमच्या भागात अशा चौकटीला खरंच एखादा शब्द असेल, तर तो नक्की कळवा. सुतारमामा आणि आजी दोघंही वाट बघतायत, कारण दोघांनाही खात्री आहे की आपलाच शब्द बरोबर आहे.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात.